पिक्रिक अ‍ॅसिडची बाटली

कॉलेजांची तपासणी करून ग्रेड देणाऱ्या नॅकची टीम यायला आठ दिवस राहिलेले, आणि केमिस्ट्रीची स्टोअर रूम रिकामी करून लखलखीत करा असा प्रिन्सिपल सरांचा निरोप आला. मी लॅब इन्चार्ज, माझ्या हातात डेड स्टॉक रजिस्टर, आणि आमचे मामा (लॅब अटेंडंट, तीस वर्षं झाली त्यांना) एकेक बाटली काढून नाव वाचायचे, लेबल नसेल तर वास घ्यायला जायचे, वास नका घेऊ म्हणून मी किती वेळा ओरडले असेन.

सगळ्यात खालच्या फळीवर, नॅप्थॅलीनच्या डब्यांमागे एक छोटी तपकिरी बाटली निघाली. मामा म्हणाले, "मॅडम, पिवळं कायतरी हाय, पार सुकून दगड झालंय. पाणी घालून हलवतो आन् बेसिनमदी ओततो." दुसरा हात झाकणावर होताच. लेबल अर्धं झुरळांनी खाल्लेलं पण "पिक्रिक" एवढं दिसलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. म्हटलं मामा, झाकण फिरवू नका, हलवू नका, होती तिथंच अलगद ठेवा.

पिक्रिक अ‍ॅसिड म्हणजे ट्रायनायट्रोफिनॉल, टीएनटी या स्फोटकाचं सख्खं भावंड. टीवायच्या पोरांना नॅप्थॅलीनचं पिक्रेट (पिक्रिकशी जोडून होणारं संयुग) करायला लागायचं, झूलॉजीवाले बूइन्स फ्लुइडसाठी (नमुने टिकवायचं द्रावण) चमचाभर मागून न्यायचे. ते येतं तेव्हा त्यात तीसेक टक्के पाणी असतं आणि ओलं आहे तोवर बरंच शांत राहतं, पण वर्षानुवर्षं बाटली पडून राहिली की पाणी उडून जातं आणि कोरडं पिक्रिक धक्क्यानं, घासण्यानं फुटू शकतं. झाकणाच्या आट्यांत पिवळी पूड दिसत होती, म्हणजे नुसतं झाकण फिरवणं हेच घासणं झालं असतं. आणि आमच्या बेसिनखाली जुना शिशाचा पाईप, शिशाशी त्याचं पिक्रेट होतं ते त्याहून नाजूक. १९१७ मध्ये कॅनडात हॅलिफॅक्सच्या बंदरात जे जहाज फुटून सतराशेवर माणसं गेली त्यात भरपूर पिक्रिकच होतं, हे मला एमएस्सीपासून माहीत होतं. माहीत असून काय केलं मी? दरवर्षी रजिस्टरवर "पिक्रिक, १ बाटली" पुढे टिक मारली, वाकून एकदाही बघितलं नाही.

खोलीला कुलूप, मजला रिकामा, ११२ ला फोन. बॉम्बशोधक पथक तीन तासांनी आलं. साहेबांनी एकच विचारलं, "कुणी उघडली का?" मग त्यांच्या पद्धतीनं उचलून गावाबाहेरच्या जुन्या खाणीत नेऊन नष्ट केली.

मामा तोवर जिन्यावर बसून होते. बोटांची दोन टोकं पिवळी, साबणानं जात नव्हती, पुढं आठवडाभर तशीच होती. म्हणाले, "मॅडम, दिवाळीत फळी पुसताना मी ती दोनदा सरकवली."

नॅक झालं, पण मी त्यानंतर स्टोअर सोडलं नाही. टाकाऊ रसायनांचे कॅन वेगळे केले: क्लोरोफॉर्म-डीसीएमचा (डायक्लोरोमिथेन) एक कॅन, अ‍ॅसिटोन-इथेनॉलचा दुसरा, क्रोमिक अ‍ॅसिड वेगळं, पारा वेगळा, आणि नायट्रिकच्या कॅनमध्ये ऑर्गॅनिक एक थेंबही नाही कारण गॅस होऊन घट्ट झाकणाचा कॅन फुटतो. इथरच्या बाटलीवर उघडल्याची तारीख, कारण त्यात स्फोटक पेरॉक्साइड होतात. बेसिनमध्ये ओतणं बंद. २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा अधिकृत केंद्रातच द्यावा लागतो, आमच्या बाजूला ते रांजणगावला आहे. खर्चाची मंजुरी मिळवायला चार महिने आणि पाच पत्रं लागली, पण गाडी आली, नऊ कॅन गेले, मॅनिफेस्टची (कचरा पाठवल्याच्या नोंदपत्राची) कॉपी फाईलला लावली.

तीन बाटल्या राहिल्यात. लेबल नाही, रजिस्टरमध्ये नोंद नाही, आत काय आहे हे सांगितल्याशिवाय कुणी नेत नाही. फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणारं कपाट) वेगवेगळ्या ट्रेमध्ये ठेवल्यात, वर लाल पेननं "हात लावू नये" लिहिलंय. विद्यापीठातल्या एका सरांना तपासणीसाठी विचारलंय, सोमवारी येतो म्हणालेत.