पेवातला कंदील

सांगली, सोमवार रात्र

हत्ती उडत होते म्हटलं तर कुणी मानत नाही. सव्वाचारशे हत्ती उडत होते म्हटलं की माणूस आभाळाकडे बघतो. कोलंबियाचा कादंबरीकार मार्केस यानं 1981च्या मुलाखतीत सांगितलेली ही युक्ती जादुई वास्तववादात, म्हणजे रोजच्या व्यवहारात एखादी अशक्य गोष्ट सहज घडते अशा कथेत, अर्धीच उचलली जाते. आकडा येतो, त्यामागचं काम येत नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरचं हळदीचं पेव, म्हणजे हळद साठवायचं जमिनीतलं कोठार, घेऊ. काळ 2005च्या महापुराआधीचा. तोंडावरची माती फोडायची, झाकण काढायचं आणि थांबायचं. आत कोंडलेल्या हवेत पुरेसा प्राणवायू नसतो. घाईनं उतरणारा वर येत नाही. मग कंदील सोडायचा. विझला तर अजून थांबायचं. हे सगळं न गाळता लिहावं. मग माणूस उतरतो, पोती भरू लागतो, आणि अकराव्या पोत्याला खालून आजोबांचा खोकला ऐकू येतो. आजोबा जाऊन नऊ वर्षं झालेली.

इथं बहुतेकांचं बिघडतं. वरचा गडी घाबरतो, नाहीतर लेखकच ‘आश्चर्य म्हणजे’ लिहून बसतो. गड्यानं एवढंच म्हणावं, “हळद खा म्हणावं त्यांना,” आणि दोर ओढावा. कंदिलावर विश्वास बसला म्हणून खोकल्यावर बसतो. शेवटी ते स्वप्न होतं म्हणणं ही तर फसवणूकच.

पोथीतल्या चमत्काराशी याची गल्लत नको. तिथं भक्ताला फळ मिळतं. इथं खोकला कुणाला काही देत नाही, उलट व्यवहारात अडचण करतो. आणि एका कथेत अशी अशक्य गोष्ट एकच. जादूचं पेव फुटलं की वाचकाला कशाचंच काही वाटत नाही.

सिनेमात मोह जास्त. निळा उजेड, बासरी, संथ हालचाल, सगळं काढावं. कॅमेरा पोती मोजताना होता त्याच उंचीवर ठेवावा. दोराची करकर चालू राहू द्यावी. 1843 साली इथं सांगलीतच विष्णुदास भाव्यांच्या नाटकात गणपती नि सरस्वती रंगमंचावर येत, सूत्रधार त्यांच्याशी घरच्यासारखा बोले. दचकणं त्याच्या कामात बसतच नव्हतं.

राहिला हिशेब. पोती तीस निघायला हवीत, एकोणतीस भरली. तिसावं आजोबांच्या नावावर मांडायचं की तूट म्हणून, यावर दोघा भावांचं भांडण. कथा तिथून सुरू करावी.