ट्रेन टेबलची दुसरी बाजू

"जुनं टेबल घेऊन जा आणि त्याच मापाचं स्टडी टेबल करून द्या," एवढंच फोनवर बोलणं झालं होतं. वडोदऱ्यात वाडी भागात माझं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. शाळा उघडायच्या सुमाराला असे फोन येतातच. मोटारीच्या आकाराचे पलंग, परीचं ड्रेसिंग टेबल, क्रिकेटच्या स्टंपांचं शेल्फ असं काय काय लोक हौसेने करून घेतात. तीन वर्षांत मूल मोठं होतं, नाद बदलतो आणि पलंग भंगारवाल्याच्या दारात जातो. मला दोन्ही वेळा पैसे मिळतात, म्हणून मी फार बोलत नाही. तरी माझं मत विचाराल तर मुलाच्या आवडीचा आकार फर्निचरला देऊच नये.

घर प्रतापनगरच्या बाजूचं. दार उघडलं मुलाच्या आईने. खेळण्यातल्या आगगाडीचं ते टेबल हॉलच्या कोपऱ्यात होतं: चार बाय तीन फूट, जेमतेम सोळा इंच उंच, चारही बाजूंनी दीड इंचाची कड. वर ऑइल पेंटने रंगवलेला डभोईकडच्या रेल्वेचा नकाशाच होता. मधोमध डभोई, तिथून मियागाम, प्रतापनगर, चांदोद, बोडेली आणि टिंब्याकडे फुटलेल्या पाच रेषा, खालच्या कडेला निळी नर्मदा. एकेका रेषेत दोन-दोन बारीक रूळ आणि मध्ये तपकिरी स्लीपर, ब्रश जराही हललेला नाही.

"आमच्या सासऱ्यांनी काढलंय. रेल्वेत होते," ताई म्हणाल्या. "नातू चार वर्षांचा असताना. आता तो आगगाडीकडे बघतही नाही हो. नुसती धूळ."

आजोबा, म्हणजे नाना, आतल्या खोलीत पेपर वाचत होते. बाहेर आले नाहीत. ताईंनी आवाज थोडा खाली आणला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की घरात या टेबलावरून आधीच काहीतरी झालेलं आहे.

कुठलंही जुनं काम मोडायच्या आधी मी ते उलटं करून बघतो. लाकूड काय, सांधे कसे, वाळवी आहे का, हे वरून कळत नाही. उलटं करायला गेलो तर खालून आवाज आला, "काका, थांबा, माझं सामान आहे!"

आठ-नऊ वर्षांचा मुलगा सरपटत बाहेर आला. त्याच्यामागे एकेक वस्तू निघाली: उघडलेलं घंटीचं घड्याळ, मिक्सरची मोटर, झाकणावर नावं लिहिलेल्या औषधांच्या डब्यांत स्क्रू. टेबलाच्या पोटाला वायरने टॉर्च बांधलेला होता. आडव्या पट्टीवर पेन्सिलीने आकडे होते, कुठल्या यंत्रातून किती स्क्रू निघाले त्याचे. वरच्या बाजूला धूळ होती खरी, पण एका कडेला आतून स्क्रू-ड्रायव्हरचे ताजे ओरखडे होते.

"कड कशाला हवी तुला?" मी विचारलं.

"कड नसली तर स्प्रिंग उडून सोफ्याखाली जाते."

ताईंना हीच कड नको होती. लिहिताना मनगटाला टोचते, आणि ते बरोबरच आहे. त्यांना खाली तीन ड्रॉवर हवे होते. ड्रॉवर लावले की गुडघ्यांना जागा उरत नाही आणि या पोराचा कारखाना बंद. वर पुन्हा नानांचा नकाशा. माझा कारीगर गुजराती, मोकळा माणूस. त्याने तिथेच सांगून टाकलं, "आ पेंट तो जशे ज," म्हणजे हा रंग तर जाणारच. आतल्या खोलीत पेपर सळसळला.

मी ठोकून पाहिलं. फळी बारा एमएमची साधी प्लाय, पण कोरडी आणि सरळ. खाली पाइनच्या आडव्या पट्ट्या. पाय मात्र फळीतच स्क्रूने पिळलेले, त्यामुळे उंची वाढवायची तर फळीला पुन्हा भोकं पडणार. मुलगा बसून काम करणार असेल तर त्याच्या उंचीला तेवीस इंचांचं टेबल आणि चौदा इंचांचं स्टूल लागतं. पुढे वाढेल तशी टेबलाची उंची पंचवीस, अठ्ठावीस, शेवटी तीस इंच. सोळा इंचांवर वाकून लिहायला लावलं तर पाठ मोडते, आणि एकदम मोठ्यांच्या उंचीचं करून दिलं तर खांदे कानाला लागतात. आईबाप बहुतेक वेळा दुसरी चूक करतात, कारण तीस इंची टेबल तयार मिळतं.

मग डोक्यात आलं की वरची फळी आणि पाय वेगळेच करावेत. चौकोनी पाइपात पाइप सरकेल असे चार पाय, बोल्टसाठी चार उंचींची भोकं, आणि वर त्यांना जोडणारी चौकट. चौकट अशा मापाची की जुन्या कडेच्या आत नेमकी बसेल. म्हणजे फळी उलटी केली की डब्याच्या झाकणासारखी चौकटीवर चढते, सरकत नाही, आणि नकाशाला एकही स्क्रू लागत नाही. पाठीच्या पाइनच्या पट्ट्या काढायच्या, तिथे दुसरी बारा एमएम बीडब्ल्यूआर, म्हणजे पाण्याला टिकणारी, प्लाय फेविकॉलने चिकटवून रात्रभर दाबाखाली ठेवायची. चोवीस एमएम जाडी झाली म्हणजे वरून मारलेला पाऊण इंची स्क्रू खाली नकाशात निघायची भीती नाही.

सनमायका लावायला मी नकार दिला. एका बाजूला सनमायका आणि दुसरीकडे नुसता रंग असला की फळी वाकते. शिवाय हा पोरगा उद्या सोल्डरिंग करणार, त्या तापलेल्या सोल्डरिंग आयर्नने सनमायकावर डाग पडलाच समजा. त्याऐवजी गुळगुळीत हार्डबोर्ड, नुसत्या स्क्रूवर बसवलेला. भाजला, कापला, गोंद सांडला तर काढून नवा टाकायचा. पुढे त्याला चित्रं काढायची असतील, पतंग करायचे असतील, तरी हीच फळी. नवी कड तीनच बाजूंना, वलसाडी सागाची. बसायच्या बाजूला मनगटासाठी मोकळी. ताईंच्या ड्रॉवरऐवजी चाकांची एक पेटी, शाळेची पुस्तकं त्यात. काम असताना बाहेर ओढायची, एरवी टेबलाखाली अर्धीच जागा व्यापणारी.

"आणि नकाशा?" हे नाना होते. दारात उभे.

"खालच्या बाजूला राहील. दोघांनी उचलून उलटवली तर वरही येईल. पण वीस किलोच्या आसपास वजन असणार, एकट्या मुलाने उचलायची नाही."

नाना काही बोलले नाहीत, पण खुर्ची ओढून बसले. मग तासभर मी माप घ्यायच्या ऐवजी रेल्वे ऐकली. 1862 साली, बडोद्याच्या खंडेराव गायकवाड महाराजांच्या काळात, डभोई ते मियागाम अडीच फुटी रूळ पडले आणि सुरुवातीला गाडी बैलांनी ओढली. इंजिनं नियमित चालू लागली ती 1873 पासून. चांदोदचा फाटा आता ब्रॉडगेज होऊन केवडियाला पोचलाय, 2021 मध्ये गाड्या सुरू झाल्या, हे सांगताना आवाजात कौतुक होतं की तक्रार, मला ठरवता आलं नाही. नातू बाजूला घड्याळ जोडत होता. "बैल किती होते, आजोबा?" एवढंच त्याने मध्ये विचारलं.

खरा पेच वर्कशॉपमध्ये आला. सोल्डरिंगची आणि दिव्याची वायर जायला मागच्या डाव्या कोपऱ्याजवळ गोल भोक हवं होतं. फळी उलटी धरून खूण केली तर ती बरोबर चांदोद स्टेशनावर आली. मी नानांना बोलावून घेतलं, कारण हे त्यांना न विचारता पाडणं मला जड गेलं असतं.

नानांनी चष्मा लावला. "चांदोद नको. नदीत घ्या."

"नर्मदा कडेला आहे, नाना. तिथे खालून चौकटीची पट्टी येते. भोक पडणारच नाही."

"मग फळी फिरवा की! समोरची बाजू मागे. अजून कड कुठे ठोकलीय तुम्ही?"

खरंच ठोकली नव्हती. फळी फिरवली, तर तोच कोपरा टिंब्याच्या वरच्या मोकळ्या शेतात आला. कारीगर हसला आणि त्याने मशीन लावलं. भुसा झटकून नानांनी भोकाच्या काठावर बोट फिरवलं आणि काळा, पांढरा असे दोन छोटे डबे मागितले. शेतात विहीर काढायची होती, भोकाभोवती दगडी कठड्याची. ऑइल पेंट वाळायला रात्र लागते, तेव्हा टेबल एक दिवस उशिरा गेलं, आणि सकाळी दहालाच ताईंचा फोन आला की दादा, शाळा सुरू झाली, टेबल कुठाय.