मंजूर नकाशाची प्रत मिळवताना आलेला अनुभव

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत एका सभासदाने स्टिल्ट पार्किंगचा (इमारतीखालच्या खांबांमधील मोकळ्या वाहनतळाचा) कोपरा भिंती घालून गोदामासाठी बंद केला आणि अग्निशमन पंपाकडे जाण्याची वाट अडवली. जागा आपण बिल्डरकडून विकत घेतली आहे, असे त्यांचे म्हणणे होते. स्टिल्ट पार्किंग ही सामाईक जागा आहे आणि बिल्डरला ती स्वतंत्रपणे विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पांचाली सोसायटीच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. त्याआधारे सर्वसाधारण सभेने ठराव केला आणि आम्ही महापालिकेकडे लेखी तक्रार दाखल केली.

अडले ते मंजूर नकाशापाशी, म्हणजे इमारत बांधण्यासाठी मंजूर झालेल्या आराखड्यापाशी. भिंत मूळ नकाशात नाही हे कागदावर दाखवता आले नाही, तर अशी तक्रार शेजाऱ्यांचे भांडण म्हणून बाजूला पडते, आणि आमच्या बिल्डरने सोसायटीला नकाशा कधी दिलाच नव्हता. ज्या कार्यालयात तो असायला हवा, तेथे ‘जुनी फाइल सापडत नाही’ एवढेच ऐकवले जाई. तेही तोंडी, कारण लिहून द्यायला कोणी तयार नसे. शेवटी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, तर ३० दिवसांची मुदत उलटल्यावर ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असे एका ओळीचे पत्र आले. त्या ओळीचा मला आजही संताप येतो. माहिती कोणत्या कारणांनी नाकारता येते ते २००५ च्या कायद्यातील कलम ८ आणि ९ मध्ये दिलेले आहे, आणि फाइल न सापडणे हे कारण त्यांत कोठेही नाही. पहिल्या अपिलात मी एवढाच मुद्दा धरून बसलो: फाइल शेवटी कोणाच्या ताब्यात होती ते लेखी कळवावे आणि जबाबदारी निश्चित करावी. अपिलीय अधिकाऱ्यांनी शोध घेण्याचा आदेश दिला आणि तीच फाइल त्याच कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून बाहेर आली. साक्षांकित प्रत हाती आली तेव्हा वाटलेले समाधान पुढे भिंत पडल्यावरही वाटले नाही.

प्रत जोडल्यानंतर एमआरटीपी कायदा, १९६६ (महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा) च्या कलम ५३ खाली अनधिकृत बांधकाम हटवण्याची नोटीस निघाली आणि संबंधितांनी भिंत स्वतःच काढली.

आधीच सांगायला हवे होते ते असे, की महाराष्ट्रात माहितीचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लिहावा लागतो. त्याचे शुल्क १० रुपये आणि अपिलाचे २० रुपये आहे. इमारत महारेरात (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात) नोंदलेली असेल, तर मंजूर नकाशा आधी त्यांच्या संकेतस्थळावर पाहावा; आमची इमारत त्याहून जुनी होती.

वाशीला राहणाऱ्या माझ्या बहिणीपुढे वेगळाच प्रश्न होता. नवी मुंबई महापालिका १९९२ मध्ये स्थापन झाली आणि बहिणीची इमारत त्याआधीची, म्हणून कागद नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोकडे मागावेत की महापालिकेकडे, हे तिला कळेना. अशा वेळी थांबून राहू नये. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तरी कलम ६(३) नुसार तो ५ दिवसांत योग्य प्राधिकरणाकडे वर्ग करणे बंधनकारक आहे, आणि त्या कलमाचा उल्लेख अर्जातच करून ठेवावा.