विचित्र आहे म्हणून खोटी नाही

एखादी अजब बातमी आली की बहुतेक लोक दोनपैकी एक काहीतरी करतात, एकतर लगेच पुढे ढकलतात नाहीतर "फेक आहे रे" म्हणून सोडून देतात. पहिल्या प्रकाराला सगळेच नावं ठेवतात, पण मला दुसराही तितकाच आळशीपणा वाटतो. कारण तपासलं कोणीच नाही ना, बातमी किती विचित्र वाटते एवढं बघून दोघांनीही निकाल लावून टाकला.

शार्कचंच घ्या. वादळात बुडालेल्या हायवेवर कारच्या शेजारून शार्क पोहतोय हा फोटो तुमच्यापर्यंत कधीतरी आलाच असेल. 2011 ला आयरीन वादळाच्या वेळी तो पोर्तो रिकोचा म्हणून फिरला, 2017 ला हार्वीच्या वेळी ह्यूस्टनचा म्हणून. साफ खोटा आहे, पण त्यातला शार्क मात्र खरा! थॉमस पेशाक या फोटोग्राफरने दक्षिण आफ्रिकेच्या समुद्रात काढलेल्या फोटोतून तो कापून घेतलाय, पुढे पिवळ्या कयाकमध्ये (छोट्या वल्ह्याच्या होडीत) माणूस आणि त्याच्या मागे ग्रेट व्हाइट शार्क. हा मूळ फोटो 2005 मध्ये छापून आला तेव्हा कित्येक लोकांनी तोच बनावट ठरवला होता. आणि मग 2022 ला इयन वादळात फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्समधून एक व्हिडिओ आला, घरामागच्या तुंबलेल्या पाण्यात शार्कसारखा मोठा मासा वळवळतोय, आणि हायवेवाला शार्क माहीत असलेल्यांनी अर्थातच खिल्ली उडवली. पण पत्रकारांनी मूळ क्लिप कधीची आहे ते तपासलं, शूट करणाऱ्याशी बोलले, आणि व्हिडिओ खरा निघाला. तो शार्कच की दुसरा कुठला मासा यावर जाणकारांचं एकमत नव्हतं, पण मासा खरा, पाणी खरं, तारीखही खरी.

नुसतं चित्राकडे डोळे फाडून बघून यातलं काय कळलं असतं? काहीच नाही. म्हणून एआयच्या फोटोत बोटं मोजा, सावल्या बघा वगैरे सल्ल्यांवर माझा फारसा भरवसा नाही, सॉफ्टवेअर सुधारलं की ते सल्ले बाद होतात. फोटो पहिल्यांदा कुठे दिसला, कोणी काढला, त्या माणसापर्यंत पोचता येतं का, हे प्रश्न बाद होत नाहीत.

1799 मध्ये ब्रिटिश म्युझियमच्या जॉर्ज शॉ यांच्यासमोर ऑस्ट्रेलियाहून आलेला प्लॅटिपस होता, अंगावर केस आणि तोंडाला बदकाची चोच. कोणीतरी शिवून जोडलंय असा त्यांना संशय आला आणि तो त्यांनी लिहूनही ठेवला, पण म्हणून तो प्राणी फेकून नाही दिला, बारकाईने तपासला आणि त्याचं वर्णन छापलं. मला ही वागणूक फार आवडते.

पण माझ्या मते या सगळ्यात सगळ्यात भारी काम केलंय ते ज्याँ-बातिस्त बियो या फ्रेंच शास्त्रज्ञाने. आकाशातून दगड पडतात असं म्हणणं म्हणजे अडाणीपणा, असं तेव्हा बरेच शिकलेले लोक मानायचे. 26 एप्रिल 1803 ला नॉर्मंडीतल्या लेग्ल गावाजवळ हजारो दगड पडल्याची बातमी आली आणि सरकारने बियोंना पाठवलं. ते गावोगाव फिरले, वेगवेगळ्या थरातल्या, एकमेकांशी संबंध नसलेल्या लोकांना विचारलं की काय ऐकलंत काय पाहिलंत, मग हे बघितलं की असा दगड त्या भागात आधी कुठे सापडायचा का, आसपासच्या भट्ट्यांमधून असा माल निघतो का, आणि दगड कुठे कुठे पडले त्याचा नकाशा काढला तर तो लांबट अंडाकृती पट्टा निघाला. थापा मारणाऱ्या खेडुतांना असा पट्टा ठरवून जुळवता आलाच नसता. उल्का खऱ्या आहेत हे पटवण्यात या रिपोर्टचा मोठा वाटा होता.

याच्या उलट 1835 ची चंद्राची लोणकढी थाप. न्यूयॉर्कच्या 'सन' पेपरने छापलं की खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना दुर्बिणीतून चंद्रावर पंखवाली माणसं दिसली. हर्शेल खरे, ते तेव्हा दक्षिण आफ्रिकेत आकाश बघत होते हेही खरं, पण त्यांना विचारायचं तर जहाजाने पत्र जाऊन यायला कित्येक महिने. आणि आधार दिला होता एडिनबर्गच्या एका विज्ञान मासिकाचा, जे तेव्हा बंद पडलेलं होतं. म्हंजे शोधत गेलं की रस्ता बरोब्बर जिथे संपतो तिथेच सगळा पुरावा ठेवलेला.

तिसरा एक प्रकार असतो, घटना खरी पण तारीख गायब. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात किनाऱ्यावर मेलेला देवमासा हायवे खात्याने सुमारे अर्धा टन डायनामाइट लावून उडवला आणि त्याच्या चरबीचा एक तुकडा बऱ्याच लांब उभ्या असलेल्या गाडीवर पडून गाडी चेपली. नव्वदच्या दशकात हे नेटवर असं फिरलं की जणू परवाच झालंय, आणि त्या खात्याला फोन यायला लागले. काहींना ती थाप वाटायची. घटना 12 नोव्हेंबर 1970 ची, गाव फ्लोरेन्स, टीव्हीचा रिपोर्टर तिथे हजर, आणि ते फुटेज आजही बघायला मिळतं.