छिद्रे पाच, आतले ऑपरेशन तेवढेच मोठे

शौचावाटे रक्त जाते म्हणून मी सात महिने मूळव्याधीची औषधे घेत राहिले, आणि त्या काळात एकदाही कुणी बोटाने तपासणी केली नाही, ही सल अजून जात नाही. धंतोलीत कोलोनोस्कोपी केली तेव्हा गुदाशयात गाठ दिसली; बायोप्सीत कर्करोग निघाला.

गाठ भिंतीबाहेरच्या चरबीत शिरल्याचे एमआरआयमध्ये दिसल्यामुळे आधी शेक, म्हणजे रेडिएशन, ठरले. २५ शेक आणि जोडीला कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या संपल्यावर आठ आठवडे नुसते थांबायचे होते. शेकांचा परिणाम नंतरही चालू राहतो आणि गाठ आक्रसत जाते, हे समजूनही ते दिवस मला सर्वांत जड गेले.

दुर्बिणीचे म्हणजे लहानच ऑपरेशन, असे घरी सगळे धरून चालले होते. सर्जननी कागदावर ओटीपोटाची आकृती काढून सांगितले, "काकू, छिद्रे लहान, पण आतले काम तेवढेच. गाठीचा भाग भोवतीच्या चरबीच्या वेष्टनासकट, ते कुठेही न फाटता निघायला हवा, कारण त्यातच लसिकाग्रंथी असतात आणि कर्करोग त्यांत पसरू शकतो."

मार्चमध्ये ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा उजवा खांदाच अधिक दुखत होता. पोट फुगवायला भरलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तसे होते, असे सिस्टरांनी सांगितले आणि त्याच दुपारी मला वॉर्डात चालवले.

आतड्याचा जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचे तोंड पोटाच्या उजव्या बाजूला बाहेर काढले होते. लालभडक, ओलसर, आणि हात लागला तरी न दुखणारे. मळ गोळा करायला त्यावर पिशवी चिकटवायची; तोंडाचे माप घेऊन पिशवीच्या चिकट चकतीला भोक कापताना थोडे जरी मोठे झाले, तरी पातळ मळ कातडीला लागून आग होई. पिशवी एक तृतीयांश भरताच रिकामी करायची, हे अंगवळणी पडायला पंधरा दिवस लागले. त्यात नागपूरचा एप्रिल-मे! मोठ्या आतड्याने शोषायचे पाणी थेट पिशवीत जात असल्याने लघवी कमी होऊन गरगरू लागले. तेव्हापासून ओआरएस मोजून घेऊ लागले. घरात मृगबहाराची संत्री होती, पण चोथ्याने पोटावरचे ते तोंड तुंबू शकते म्हणून मला गाळलेला रसच मिळे.

तपासलेल्या १४ ग्रंथींपैकी एकीतही कर्करोग नव्हता. जूनअखेर डाय टेस्ट करून, म्हणजे आतड्यात रंगद्रव्य सोडून जोड गळत नाही ना हे एक्स-रेवर पाहून, पोटावरचे तोंड बंद केले. सुरुवातीला दिवसातून दहादा शौचाला जावे लागे, आता चारदा जाते.