आर्किओप्टेरिक्सचा सांगाडा : मनगट बसलं

मंडळी, आर्किओप्टेरिक्स या डायनासोरांच्या काळातल्या आद्य पक्ष्याच्या सांगाड्याचं मॉडेल करतोय, त्याच्या उजव्या हाताचं मनगट एकदाचं बसलं! शेपूट आधीच झाली होती. तांब्याच्या तारेवर एम-सीलचे वीसेक मणके ओवलेत. कवटीत दातही बसवलेत. त्याबद्दल फार सांगत नाही, कारण खरी मजा हातात आहे.

तिन्ही बोटं सुटी ठेवलीत, टोकाला नख्या. नखीसकट पहिल्या बोटात दोन हाडं, दुसऱ्यात तीन, तिसऱ्यात चार. आजच्या पक्ष्यांत ही बोटं जुळून गेलेली असतात. मनगटातलं अर्धचंद्राकृती हाड कानशीने घासत घासत गोलाईला आणलं आणि पंजा त्यावर टेकवून हलवला, तर तो खाली न वाकता आडवा, थेट कोपराच्या बाजूला वळला. खिडकीत बसलेलं कबूतर पंख मिटतं ती हीच हालचाल! मी कितीतरी वेळ नुसता पंजा मागेपुढे करत बसलो होतो.

१९६४ साली अमेरिकेतल्या मोंटानात सापडलेल्या डायनॉनिकस या शिकारी डायनासोरच्या मनगटातही असंच हाड आहे. जीवाश्मतज्ज्ञ जॉन ऑस्ट्रॉम यांनी आर्किओप्टेरिक्सच्या हाताशी त्याचा हात ताडून पाहिला आणि पक्षी डायनासोरांतूनच आले हा विचार पुन्हा जोरात मांडला. डायनॉनिकस काही उडणारा नव्हता. शिवाय तो सुमारे ११ कोटी वर्षांपूर्वीचा आणि आर्किओप्टेरिक्स १५ कोटींचा, म्हणजे तो पूर्वज नव्हे, चुलत घराण्यातला. पण दोघांकडे एकच मनगट आहे याचा अर्थ ते त्यांच्या सामाईक पूर्वजाकडून आलं असणार. पंख मिटायची सोय उड्डाणाच्या आधीपासून हातात होती! या सगळ्या विषयात मला याहून सुंदर काही वाटत नाही.

हात आणि सांगाडा डायनासोरासारखा, त्यात पिसांचे ठसे पुसट असले तर काय होतं, ते जर्मनीतल्या आइकश्टेटच्या नमुन्यावरून कळतं. १९५१ साली सापडलेला हा सांगाडा कॉम्प्सोग्नॅथस हा छोटा डायनासोर म्हणूनच ओळखला जात होता. तो आर्किओप्टेरिक्स असल्याचं १९७३ मध्ये स्पष्ट झालं.

दांडिया बाजारातले आमचे काका मॉडेल बघायला आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "हा आपल्या रैयोलीच्या राजासॉरसचा वंशज का रे?" बडोद्यात हा प्रश्न येणारच, राजासॉरस डायनासोरचे अवशेष मिळाले ते बालासिनोरजवळचं रैयोली इथून जवळच आहे. पण राजासॉरस आर्किओप्टेरिक्सच्या सुमारे आठ कोटी वर्षांनंतरचा, आणि अबेलिसॉरिड या मांसाहारी डायनासोरांच्या वेगळ्या घराण्याचा. त्या घराण्याचे हात अगदीच तोकडे, त्या हातांतून पंख होणं नाही. काकांना दोन्ही हातांची चित्रं शेजारी ठेवून दाखवली, तेव्हा पटलं.

आता पाय. जुन्या चित्रांत मागचं बोट पूर्ण उलटं, फांदी पकडणारं दाखवतात. २००५ साली जाहीर झालेल्या, अमेरिकेतल्या थर्मोपोलिसच्या संग्रहालयातल्या आर्किओप्टेरिक्सच्या नमुन्यात ते तसं दिसत नाही, आणि दुसरं बोट डायनॉनिकससारखं वर उचलता येत असावं. मी त्याच नमुन्याप्रमाणे जाणार आहे. त्या बोटाच्या सांध्याला किती जाडीची तार लागेल, कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.