साठाला पडलेल्या घड्या

भुईबावडा घाट उतरताना मी भाच्यापुढे शहाणपणा केला. "डोंगर कसे होतात ठाऊक आहे? जमीन दाबली गेली की तिला घड्या पडतात." त्याने समोरच्या कड्याकडे पाहिलं. आडव्या थरांवर थर, चपात्यांची चवड लावल्यासारखे. "मामा, घडी कुठाय?"

नव्हतीच. सह्याद्री घडीचा डोंगर नाहीच मुळी. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला, थिजला, पुन्हा वाहिला, त्याची ती चवड. पुढे सेशेल्सचा तुकडा, आज हिंदी महासागरात बेटं होऊन बसलेला, आपल्यापासून तुटला. म्हणजे कोकणची कड ताणून फाटलेली, दाबलेली नव्हे. हे मला माहीत होतं, पण घाटात पोटात ढवळत असताना आठवेना.

मालवणात दोन दिवस. गर्दी, पार्किंगवरून भांडणं, थंड झालेली सोलकढी-भात. पुढे.

रेडीला गणपतीचं दर्शन घेऊन निघालो, तर खाणीकडच्या लाल धुळीत भाच्याला एक दगड सापडला. लोखंडाचा, भलताच जड, लाल-काळ्या पट्ट्यांचा. आणि पट्टे चक्क वळलेले, मुरडलेले! माझ्या जिवात जीव आला. तिथला हा खडक २५० कोटी वर्षांच्या घरातला. त्याला मुरडणारा दाब सह्याद्रीच्या जन्माआधीच कधीतरी ओसरून गेला.

संध्याकाळी उतरलो त्या घरी अंगणात बरक्या फणसाची साठं, म्हणजे रसाच्या वाळवलेल्या पोळ्या, वाळत होती. एक परात अजून ओलसर होती. मी चार बोटांनी साठाची एक कड हळूच पुढे ढकलली. आधी बोटांजवळ एक सुरकुती उठली, मग तिच्यापुढे दुसरी, तिच्यापुढे तिसरी. भाचा उकिडवा बसून बघत होता. "सगळ्यात नवी घडी कुठली?" "सगळ्यात पुढची." शिवालिक टेकड्या तशाच आहेत. हिमालयाच्या अगदी बाहेरच्या काठावरच्या, मैदानाला टेकलेल्या आणि वयाने सगळ्यात लहान. साठ होतं तेवढंच होतं, पण माझ्या बाजूला चार बोटं परात रिकामी झाली. जमीन आखडते ती अशी. भारत अजून ढकलतोच आहे, आणि हिमालयात दर वर्षी साधारण २ सेंटिमीटर आखडतात.

एका कोपऱ्याला मात्र सुरकुतीच पडेना. तिथे तुपाचा हात लागला नव्हता. साठ परातीला चिकटून बसलं आणि ढकलल्यावर फाटलं. स्वित्झर्लंड-फ्रान्सच्या सीमेवरच्या जुरा डोंगराच्या घड्या एकामागे एक नीट बसल्यात, कारण खाली मीठ आणि जिप्समचा निसरडा थर आहे. तूप लावलेली परातच ती. मी हे रंगात येऊन सांगत होतो, तेवढ्यात पाठीमागून आवाज आला.

"मेल्या, काय केलंस ह्या!"

आजी. हातात झाडू. मी पन्नाशीचा माणूस, पण शाळेतल्यासारखा उभा राहिलो. भाच्याने सगळा दोष तत्परतेने माझ्यावर ढकलला आणि घड्यांची बाजू तोडून खायलाही सुरुवात केली.

सकाळी आजींनी हिशेब केला. एक खोली, चार जेवणं, एक साठ. साठाचे पैसे पुरे लावले होते.